बहात्तर ऋतू आणि एक मालकंस

बहात्तर हा आकडा आमच्या पिढीला फारसा लाभलेला नाही. बहात्तर म्हटलं की आम्हाला आधी दुष्काळ आठवतो, मग रेशनवरची ती तांबडी मिलो ज्वारी आठवते, आणि नंतर एस. टी. स्टँडवर बहात्तर रोगांवर एकच औषध विकणारा वैदू आठवतो. त्यामुळे १४ एप्रिल २०२३ रोजी सकाळी आमचे चिरंजीव दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून, "बाबा, बहात्तर आलं!" असं ओरडत बाहेर आले, तेव्हा मी आधी बादल्या भरलेल्या आहेत का ते पाहिलं.

खुलासा करतो. मेटालिका नावाचा अमेरिकेतला एक बँड आहे. तो १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये जमला आणि अजून वाजवतो आहे. म्हणजे साधारण आमच्या सोसायटीच्या कमिटीइतका जुना आहे, आणि आवाजही तितकाच करतो. ते जे वाजवतात त्याला हेवी मेटल म्हणतात. ऐकणाऱ्याचा अनुभव साधारण असा की, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी एकदम खाली यावीत आणि ती खाली आल्याबद्दल कोणीतरी संतापून, पण सुरात, जाब विचारावा. ह्या बँडचा सहा वर्षांहून अधिक काळानंतर नवा अल्बम आला होता. नाव 'सेव्हन्टी टू सीझन्स'. बहात्तर ऋतू.

नावाचा अर्थ मला नातीनं सांगितला. वर्षाचे ऋतू चार, तेव्हा बहात्तर ऋतू म्हणजे माणसाच्या आयुष्याची पहिली अठरा वर्षं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. आकडा तपासल्याशिवाय सही करत नाही. म्हटलं, "हिशेब चुकला. आपल्या पंचांगात ऋतू सहा. बहात्तर भागिले सहा, बारा. म्हणजे हे एक तप झालं. अठरा वर्षं हवी असतील तर ऋतू एकशे आठ पाहिजेत. जपमाळेसारखे."

"आणि पुण्यात ऋतू तीनच," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या हिशेबानं चोवीस वर्षं होतात. मुलं त्याच सुमाराला कमवायला लागतात, तेव्हा ते बरोबर आहे."

नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी ऐका तरी!"

आता हे वाक्य आमच्या घरात एकतीस वर्षांपूर्वी एकदा म्हटलं गेलं होतं. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. ते आधी सांगायला हवं.

माझा आणि मेटालिकाचा संबंध १९९२ चा. चिरंजीव तेव्हा दहावीत होते. ज्या वर्षी मुलानं फक्त अभ्यास करायचा आणि घरानं फक्त दडपण घ्यायचं, त्या वर्षी त्यानं खाऊचे पैसे साठवून कॅम्पातल्या एका दुकानातून एक कॅसेट आणली. तिचं कव्हर काळं होतं. नुसतं काळं. मला वाटलं छापखान्यात शाई सांडली असावी. उजेडात तिरकं धरल्यावर कोपऱ्यात वेटोळं घातलेला साप दिसला, तेव्हा मात्र मुलगा हातचा गेला ह्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. आल्या आल्या तो म्हणाला होता, "बाबा, एकदा ऐका तरी." मी म्हणालो होतो, "तुला संगीतातलं काही कळत नाही."

हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हणालो कोण जाणे. दुधाचे रतीब मी कॅलेंडरवर लिहून ठेवत असे; हे लिहून ठेवलं नाही.

तर अशाच एका शनिवारी रात्री आकाशवाणीच्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात माझे आवडते गवई गाणार होते. नवाच्या सुमारास ध्यानात आलं की घरात कोरी कॅसेट नाही. दुकानं बंद. मुलगा मामाकडे गेलेला. टेबलावर ती काळी कॅसेट.

विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या वरच्या कडेच्या दोन टिकल्या मोडलेल्या असत, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या भोकांत कागदाचा बोळा बसवला की अडचण दूर होते, हेही आठवत असेल. म्हणजे जे झालं तो अपघात नव्हता. मी कागद फाडला, बोळा केला, पेन्सिलीच्या टोकानं तो भोकात दाबला, बी बाजू लावली आणि साडेनऊला रेकॉर्डचं बटण दाबलं. कोर्टात ह्याला पूर्वनियोजित म्हणतात.

गवयांनी मालकंस मांडला. काय मालकंस होता! सत्तावीस मिनिटं झाली, द्रुत सुरू झालं, एक तान अशी वर गेली की आता ती समेवर येणार म्हणून मी हात उचलला, आणि वीज गेली. ती परत आली तेव्हा आकाशवाणीवर इंग्रजी बातम्या चालू होत्या.

त्यामुळे त्या कॅसेटचं असं झालं की, बी बाजूला सत्तावीस मिनिटं मालकंस, ऐन तानेत काळोख, आणि त्यानंतर मेटालिकाचं अगदी शेवटचं गाणं, जे वाचलं होतं ते. त्या गाण्याच्या सुरुवातीला लष्करी संचलनासारखा ताशा वाजतो. तान वर जायची आणि ताशा खाली यायचा. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात मालकंस हा असाच संपत असे. टेप बंद करायला उठायचा कंटाळा हे त्याचं कारण. एकदा माझे एक काका पाहुणे आले होते. विलंबितात त्यांना झोप लागली. ताशा वाजला तसे ते ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "वा! तराणा काय तयार आहे!"

मुलगा मामाकडून परत आला, त्यानं बी बाजू लावली, दोन मिनिटं ऐकली. काही बोलला नाही. टेप बंद केला, दप्तर उघडलं आणि भूमिती काढली. मी समजलो, सुधारला.

असो. तर १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. दुपारी चिरंजीवांचे तीन मित्र नवा अल्बम ऐकायला आले. सगळे शेहेचाळिशीच्या आगेमागे. एक चार्टर्ड अकाउंटंट, एक दातांचा डॉक्टर, एक सिमेंटच्या व्यवसायातला. तिघांच्याही अंगात काळे बनियन, आणि त्यांवर पोटामुळे जरा रुंद झालेल्या कवट्या. सौ.नं पन्हं केलं होतं. दाराशी चपला काढून, "काकू, कशा आहात?" म्हणून वाकून नमस्कार करणारी ही माणसं हेवी मेटलची आहेत हे एखाद्याला सांगूनही खरं वाटलं नसतं.

त्यांची नावं मी सांगत नाही, कारण मी त्यांना वेगळ्या नावांनी ओळखतो. त्याचं असं आहे की, मेटालिकाच्या प्रत्येक चाहत्याच्या मते मेटालिका केव्हाच संपलेली आहे. वाद आहे तो फक्त तिथीबद्दल.

पहिले श्री. शहाऐंशी. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि क्लिफ बर्टन हा त्यांचा बास वाजवणारा चोवीस वर्षांचा पोरगा गेला. शहाऐंशींच्या मते बँड त्याच दिवशी संपला. त्यानंतरचा प्रत्येक अल्बम ते विकत घेतात, पण ते श्राद्धाचं पान वाढावं तसं. हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. मी एकदा सहज हिशेब केला. १९८६ साली हे गृहस्थ नऊ वर्षांचे होते आणि चौथीच्या स्कॉलरशिपला बसले होते.

दुसरे श्री. शहाण्णव. त्या वर्षी बँडमधल्या चौघांनी केस कापले. गाणीही जरा मवाळ केली, पण मुख्य दुःख केसांचं. "ज्यांनी केस कापले त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" असं ते विचारतात. हे दातांचे डॉक्टर. त्यांचं स्वतःचं डोकं आता संगमरवरी आहे, पण ते म्हणतात, "माझे गेले, मी कापले नाहीत."

तिसरे श्री. दोन हजार तीन. हे सिमेंटवाले. २००३ चा मेटालिकाचा अल्बम म्हणजे चाहत्यांच्या मते घराण्याला लागलेला कलंक. त्यात एकही गिटारची स्वतंत्र जागा नाही, आणि ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो. साऱ्या जगात तो डबा आवडणारी थोडी माणसं असतील, त्यांतले एक आमच्या सोफ्यावर बसतात. "त्या डब्यात वेदना आहे," असं ते म्हणतात. रोज सिमेंट मिक्सरच्या शेजारी उभा राहणारा माणूस ध्वनीबद्दल काही म्हणत असेल तर आपण गप्प बसावं.

आणि चौथे आमचे चिरंजीव, श्री. एक्क्याण्णव. काळ्या कॅसेटचे. २०११ च्या ऑक्टोबरात बँड भारतात आला. दिल्लीजवळचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि ३० तारखेचा बंगलोरचा झाला. हा गृहस्थ रात्रभर बसमध्ये बसून तिकडे गेला आणि परत आल्यावर चार दिवस त्याला मान फिरवता येत नव्हती. ऑफिसात त्यानं स्पाँडिलायटिस सांगितलं.

तर अल्बम लागला. गाणी बारा, मिनिटं सत्त्याहत्तर. मी माझ्या आरामखुर्चीत बसलो. कानात कापूस होता, सौ.नं प्रेमानं घातलेला. ऐकताना चौघंही मान हलवत होते. मला वाटलं सगळं पसंत पडलं. पण आमच्याकडेही बुजुर्ग श्रोते मैफलीत मान हलवतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर मत देतात. गाणी संपली, पन्हं आलं, आणि टपरी सुरू झाली.

"फार लांबवलंय," शहाऐंशी म्हणाले. "प्रत्येक गाण्यातली दीड-दोन मिनिटं कापायला हवीत."

"एकसुद्धा संथ गाणं नाही," शहाण्णव म्हणाले. "सत्त्याहत्तर मिनिटं आपलं दणादण! माणसानं श्वास कुठे घ्यायचा?"

मी म्हटलं, "पण शहाण्णव साली त्यांनी संथ गाणी केली तेव्हा तुमचा त्यालाच आक्षेप होता ना?"

"काका, तो आक्षेप वेगळा," ते म्हणाले.

"फार सफाईदार आहे," दोन हजार तीन म्हणाले. "वेदना नाही." डबा नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

"कर्कनं तेच वाव-वाव पेडल दाबलंय," शहाऐंशी. गिटारला पायानं दाबायचं एक यंत्र असतं, त्यानं सूर लहान मुलासारखा तोंड उघडमीट करतो. ते दाबण्याची कर्क हॅमेटना फार सवय. "प्रत्येक गाण्यात तेच. त्याचा पाय अडकलाय की काय?"

"पण आवाज बघ हेटफिल्डचा!" चिरंजीव म्हणाले. "एकोणसाठ वर्षांचा माणूस आहे."

ह्यावर मात्र चौघांचंही एकमत झालं. आवाज चांगलाच लागला होता. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जे गाणं आधी सुटं आलं होतं, साडेतीन मिनिटांच्या आतलं, तेही सर्वांना पसंत होतं, कारण ते थेट त्यांच्या १९८३ च्या पहिल्या अल्बमसारखं होतं.

बँकेतली सवय. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखले, जमा आणि नावे, आणि एकेक मत मांडत गेलो. तासाभरानं ताळा केला तर 'जुन्यासारखं आहे' ही रक्कम दोन्ही रकान्यांत निघाली. जुन्यासारखं आहे म्हणून चांगलं, आणि जुन्यासारखं आहे, नवीन काय केलं, म्हणून वाईट. आमच्या शाखेत असा ताळेबंद निघाला असता तर ऑडिटरनं मुक्कामच ठोकला असता.

"हे आजचं नाही, बाबा," चिरंजीव म्हणाले, आणि मग मला ह्या संप्रदायाचा सारा इतिहास कळला. १९८४ साली, म्हणजे दुसऱ्याच अल्बमात, त्यांनी एक गाणं साध्या गिटारवर हळुवार सुरू केलं. चाहते म्हणाले, विकले गेले. १९८८ च्या अल्बमात बासच ऐकू येत नाही म्हणून ओरड झाली. १९८९ साली त्यांनी पहिला व्हिडिओ काढला. चाहते म्हणाले, आता तर नक्की विकले गेले. १९९१ ची काळी कॅसेट साऱ्या जगाला आवडली. साऱ्या जगाला आवडते म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे. १९९६ ला केस. २००३ ला डबा. २००८ ला आवाज इतका चढवला की सुरांच्या कडा फाटल्या. लोकांनी सह्या गोळा करून अर्ज केला, आणि तीच गाणी एका व्हिडिओगेममध्ये जास्त स्वच्छ वाजतात म्हणून तिथून ती उतरवून घेतली.

ऐकता ऐकता मला घरच्यासारखं वाटायला लागलं. कारण ही सारी माणसं मी आधी पाहिली होती. फक्त त्यांच्या अंगात झब्बे होते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात, सतरंजीवर, शाल पांघरून, "गाणं चांगलं झालं, पण त्यांचं साठ सालचं ऐकायला हवं होतंत!" असं म्हणणारी. आणि साठ साली त्यांच्याच शेजारी बसून, "पण ह्यांच्या गुरूंचं ऐकायला हवं होतंत," म्हणणारी. फार कशाला, मी स्वतः बालगंधर्वांच्या ऐन भरातल्या गाण्याबद्दल गहिवरून बोलतो. माझा जन्म १९४८ चा. त्या वेळी तो भर ओसरून बराच काळ लोटला होता. मी चौथीतसुद्धा नव्हतो. स्कॉलरशिपवाल्या शहाऐंशींना हसायचा मला काय अधिकार?

एवढ्यात नात म्हणाली, "मला तर पूर्ण आवडला."

चौघांनी तिच्याकडे जावयानं सासुरवाडीच्या स्वयंपाकाकडे पाहावं तसं पाहिलं. तिचं वय सोळा. ती ह्या संप्रदायात आली २०२२ च्या जुलैत. एका इंग्रजी मालिकेत एक पोरगा छपरावर उभा राहून मेटालिकाचं १९८६ चं गाणं वाजवतो, त्या दिवशी. जगभरातून अशी हजारो पोरं एकदम आली, तेव्हा जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. बँडनं मात्र सर्वांना या, बसा म्हटलं. गाणाऱ्याला श्रोता नको असतो असं कधी होत नाही. श्रोता नको असतो तो शेजारच्या श्रोत्याला.

"तू काय ऐकलंयस?" शहाऐंशींनी जरा परीक्षकाच्या सुरात विचारलं.

"सगळं," ती म्हणाली. "नऊ महिन्यांत. मला तुमचं छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचं पण नवीनच आहे ना, काका. मला काही आधीचं नाही, नंतरचं नाही."

कोणी काही बोललं नाही. त्या उन्हाळी दुपारी, माझ्या मते, तिथे एकाच व्यक्तीनं अल्बम ऐकला होता. बाकीचे चौघं तो तपासत होते.

मी चिरंजीवांना विचारलं, "तुझं मत काय पडलं? तू काही बोलला नाहीस."

ते पन्ह्याच्या पेल्यात बघत म्हणाले, "चांगला आहे, बाबा. रात्री बारालाच कानाला लावून ऐकला. पण ते पंधराव्या वर्षी काटा यायचा ना अंगावर, तो नाही आला. मी वाट बघत होतो."

मला वाटतं, चाहत्यांच्या सगळ्या मतांचं मत हेच असावं. चौघंही नव्या अल्बमात तो काटा शोधत होते. एकाला तो लांबीमुळे सापडत नव्हता, एकाला पेडलमुळे, एकाला डबा नसल्यामुळे. काटा अल्बमात नसतो, अंगात असतो, आणि ते अंग आता सेहेचाळीस वर्षांचं होऊन साखर तपासून घेतं, हे त्यांना कोणी सांगायचं? मला पंचाहत्तराव्या वर्षी समजलं ते एवढ्याचसाठी की, मीही गेली तीस वर्षं रेडिओत तेच शोधतो आहे.

मग नातीनं मोबाइलवर कव्हर दाखवलं. १९९१ चं काळं. हे पिवळं, हळदीसारखं पिवळं. मध्ये लहान मुलाचा जळलेला पाळणा आणि भोवती पसरलेल्या जळक्या वस्तू. हळदीच्या रंगावर जळका पाळणा पाहून सौ. "काहीतरीच अभद्र!" म्हणून आत निघून गेली. नातीनं समजावून सांगितलं ते असं: हेटफिल्डसाहेबांचं म्हणणं, पहिल्या अठरा वर्षांत आपण कोण आहोत ते आईबाप आपल्याला सांगतात, आणि मग उरलेला जन्म माणूस ते खरं तरी करत बसतो, नाहीतर खोटं तरी पाडत बसतो.

मी कानातला कापूस काढला.

"आईबापांवरून आठवलं," शहाण्णव उत्साहानं म्हणाले. "काका, लार्सच्या वडिलांची गोष्ट माहीत आहे का?" लार्स उल्रिक म्हणजे ड्रम वाजवणारे. मूळचे डेन्मार्कचे. त्यांचे वडील टॉर्बेन उल्रिक हे डेन्मार्ककडून डेव्हिस कप खेळलेले टेनिसपटू, लांब पांढऱ्या दाढीचे. त्या डब्याच्या अल्बमाची तयारी चालली होती तेव्हा एक माहितीपट काढत होते. तो २००४ साली आला. त्यात लार्स वडिलांना नवं ध्वनिमुद्रण मोठ्या आशेनं ऐकवतात. जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या बँडांपैकी एकाचा ड्रमवाला, वय चाळिशीकडे झुकलेलं, आणि वडिलांपुढे उभा आहे तो प्रगतिपुस्तक घेऊन आल्यासारखा. वडील शांतपणे ऐकतात, विचार करतात, आणि सल्ला देतात: पुसून टाक.

सगळे खो खो हसले. "बापानं डायरेक्ट पुसूनच टाकायला सांगितलं!" दोन हजार तीन म्हणाले.

चिरंजीवही हसत होते. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. पण मला कागदाचा बोळा आठवला, पेन्सिलीचं टोक आठवलं. टॉर्बेनसाहेबांनी निदान ऐकून सल्ला दिला होता. मी न ऐकताच अंमलबजावणी केली होती.

"काका, आता तुमचं मत," शहाऐंशी म्हणाले.

अशा वेळी माणसानं 'छान आहे' म्हणून मोकळं व्हावं. पण मी म्हटलं, शेवटचं गाणं पुन्हा लावा. ते अकरा मिनिटांचं आहे. मेटालिकानं त्याआधी स्वतःचं एवढं लांब गाणं कधी केलं नव्हतं, आणि 'फार लांबवलंय' ह्या आरोपातलं पहिलं नाव त्याचंच होतं. ह्या खेपेला मी कापसाशिवाय ऐकलं. गाणं संथ चालीचं आहे, हत्ती चालावा तसं. मध्येच सगळा दणदणाट खाली बसतो आणि बास एकटाच, दिवेलागणीला म्हातारा माणूस अंगणात फिरतो तसा, शांतपणे फिरत राहतो. मग एकेक जण पुन्हा त्याला येऊन मिळतो.

"हे मला आवडलं," मी म्हणालो. "आणि हे लांब कुठे आहे? अकरा मिनिटांत आमच्या गवयाचे तंबोरे लागून होत नाहीत. कापायचं काय त्यात? हा तर विस्तार आहे."

चौघं माझ्याकडे पाहतच राहिले. लांबीबद्दल तक्रार नसलेला चाहता त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा भेटला असावा. शहाऐंशींनी तर गाणं तिसऱ्यांदा लावलं आणि बास आला तसे डोळे मिटून घेतले. ते कोणाची आठवण काढत होते ते मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी मंडळी गेली. नात क्लासला गेली. मुलगा सोफ्यावर पाय पसरून पडला होता. मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र उलटंसुलटं केलं आणि एकदम म्हणालो, "ती कॅसेट मी मुद्दाम पुसली होती. कागदाचा बोळा घालून."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बोळा मीच काढला नंतर. माझ्या भूमितीच्या वहीचा कागद होता तो."

मग जरा वेळानं तो म्हणाला, "तेवढं शेवटचं गाणं राहिलं होतं ना. ते ऐकायला कॅसेट पुढे पळवली की टेप गुंडाळला जायचा. तुमचा तो टेपरेकॉर्डर तसलाच होता. म्हणून सगळी बाजू ऐकायला लागायची. रोज रात्री, तुम्ही झोपल्यावर." आणि तो गुणगुणायला लागला. मालकंस होता. बंदिशीची अक्षरं न् अक्षरं बरोबर, सम जिथल्या तिथे, आणि ती तान! ती वर गेली आणि जिथे एकतीस वर्षांपूर्वी वीज गेली होती नेमकी तिथे तो थांबला. "ह्याच्या पुढचं मला येत नाही."

"पुढचं मलाही येत नाही," मी म्हणालो. ज्याला संगीतातलं काही कळत नाही असं मी एक वर्षभर सांगितलं होतं, त्यानं माझा मालकंस माझ्यापेक्षा नीट सांभाळला होता.

"ते शेवटचं गाणं आता आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं.

आता सगळंच सगळ्यांकडे असतं. त्यानं मोबाइल काढला आणि ते १९९१ चं शेवटचं गाणं लावलं. ताशा वाजला, गिटारी आल्या. आवाज स्वच्छ, खरखर नाही, टेपची घरघर नाही, सगळं जिथल्या तिथे. आम्ही दोघांनी पूर्ण ऐकलं. पण आधी मालकंस नाही, ती अर्धवट तान नाही, तो काळोख नाही. गाणं आपलं आलं तसं उघडंबोडकं आलं आणि निघून गेलं.

"कसं वाटलं?" मुलानं विचारलं.

मी मान हलवली आणि म्हणालो, "ठीक आहे. पण पूर्वीसारखं नाही राहिलं."